एक चकती, दोन कुलपं

[दृश्य: ब्लू-रेची डबी, झाकण उघडताना. निवेदन सुरू.]

७ ऑक्टोबर २०१०. आदल्या नोव्हेंबरात जपानी चित्रपटगृहांत लागलेला, ‘मॅक्रॉस’ या अ‍ॅनिमे मालिकेतला चित्रपट ‘मॅक्रॉस फ्रंटियर: इत्सुवारी नो उताहिमे’, म्हणजे ‘तोतया गायिका’, घरी पाहायला मिळू लागला. त्याच्या एका आवृत्तीचं नाव ‘हायब्रिड पॅक’. डबीत चकती एकच. तिच्यात चित्रपटही आहे आणि ‘मॅक्रॉस ट्रायल फ्रंटियर’ हा पीएस३चा, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ३ या गेम-यंत्राचा, गेमही.

चित्रपटासोबत गेम देणं तेव्हा नवं नव्हतं. एप्रिल २००९मध्ये ‘अ‍ॅडव्हेंट चिल्ड्रन कम्प्लीट’ या चित्रपटासोबत ‘फायनल फँटसी १३’ या गेमची चाचणी-आवृत्ती मिळाली होती. पण एकाच चकतीत दोन्ही बसवायचे, तर आधी जागेचा हिशेब.

दुपदरी ब्लू-रेत ५० जीबी मावतात. चित्र-आवाज मिळून सेकंदाला ३५ मेगाबिट धरले, तर तासाला जवळपास १६ जीबी जातात. दोन तासांच्या चित्रपटाला ३२. उरलेल्या १८ जीबीत गेम आणि बाकी सगळं. पूर्ण लांबीचा मोठा गेम यात कोंबायचा म्हटलं, तर चित्रपटाच्या दर्जाला कात्री लागते.

[दृश्य: पीएस३चा मेन्यू, चिन्हं आडवी सरकतात.]

चकतीत दोन फोल्डर: ‘बीडीएमव्ही’त चित्रपट, ‘पीएस३_गेम’मध्ये गेम. साध्या ब्लू-रे प्लेअरला पहिलाच कळतो. पीएस३ मात्र चकतीवरची एक छोटी फाइल वाचतो. आत काय काय आहे याची नोंद तिच्यात असते. म्हणून मेन्यूत एकच चकती दोनदा दिसते, ‘व्हिडिओ’खाली आणि ‘गेम’खालीही.

आता कुलपं. पहिलं विभागाचं: कुठला ब्लू-रे चित्रपट कुठे चालावा, यासाठी देश विभागांत वाटलेत. जपान ‘ए’ विभागात, भारत ‘सी’ विभागात. डबीच्या मागे फक्त ‘ए’ छापलं असेल, तर पुण्या-मुंबईत विकत घेतलेला पीएस३ तो चित्रपट लावणार नाही. पीएस३चे गेम मात्र, मोजके अपवाद सोडले तर, विभाग पाहत नाहीत. म्हणजे विकत घेतला चित्रपट, आणि चालतो तो नेमका फुकटातला गेम! उलट पीएस४ घेतलात, तर गेमचा प्रश्नच मिटला. त्यात पीएस३चे गेम चालत नाहीत.

दुसरं कुलूप किल्लीचं. विभाग जुळूनही चित्रपट अडला आणि एन्क्रिप्शन की संपल्याचा संदेश आला, तर चकतीला दोष देऊ नका. ब्लू-रेची ही किल्ली, म्हणजे चित्रपटाचं कुलूप उघडणारा गुप्त संकेत, ठरावीक काळाने बदलते, ती सिस्टिम अपडेटमधून येते. अपडेट करायला पेन ड्राइव्ह फॅट३२ या प्रकारात फॉरमॅट करा; एक्सफॅट पीएस३ला दिसत नाही. त्यात ‘पीएस३’ फोल्डर, त्याच्या आत ‘अपडेट’, दोन्ही नावं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, आणि आत अपडेटची डाउनलोड केलेली फाइल. गाडी हमखास अडते ती फाइलच्या नावावर: तीच फाइल दुसऱ्यांदा डाउनलोड केली की संगणक नावापुढे कंसात १ जोडतो, आणि पीएस३ म्हणतो, अपडेट सापडला नाही. तो १ खोडा.

[दृश्य: कंट्रोलरची बटणं, अगदी जवळून.]

ऑक्टोबर २०११मध्ये याच मालिकेचा दुसरा चित्रपट ‘मॅक्रॉस लास्ट फ्रंटियर’ या गेमसह आला. डिसेंबर २०१२मध्ये पाळी आली मूळ मॅक्रॉसच्या १९८४मधल्या चित्रपटाची.

गेम सुरू झाला, तुम्ही फुली दाबताय आणि दरवेळी मागच्याच पडद्यावर परतताय? कंट्रोलर बरा आहे. पीएस३च्या जपानी गेममध्ये ‘हो’साठी बहुधा गोल असतो, आणि फुली म्हणजे ‘नको’.