आधी फिरकी, मग जोर

(सांगलीत विश्रामबागला उन्हाळी टेबल टेनिस शिबिराच्या पहिल्या दिवशी खेळाडू आणि पालकांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित स्वरूपात)

मुलांनो आणि पालकहो, नमस्कार.

टेबलं मांडून तयार आहेत आणि तुमचं सगळं लक्ष तिकडेच आहे, हे मला इथून दिसतंय. तरी थोडा वेळ मागून घेते. उद्यापासून जे करायचं ते का करायचं, हे आधी कळलं की सरावाचा कंटाळा येत नाही. आणि पालकांनाही ‘आठवडा झाला, पोरगी नुसता चेंडूच उडवतेय’ असं वाटायला नको.

आपल्या सांगलीला रॅकेटच्या खेळाचं वावडं नाही. नंदू नाटेकर इथं जन्मले. १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकून ते परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले, १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. त्यांच्या खेळाबद्दल जाणकार बोलतात ते हाताच्या नजाकतीबद्दल. टेबल टेनिसलाही तीच लागते, फार लवकर लागते, आणि आपल्याकडे नेमकं तेच सगळ्यात शेवटी शिकवलं जातं.

कॉलेजच्या कॉमन रूममध्ये, क्लबात, ऑफिसच्या टेबलवर आपल्याकडे चांगले फटके मारणारे लोक भरपूर आहेत. समोरून सरळ चेंडू आला की असा सणसणीत मारतात की बघत राहावं. पण कुणीतरी नीट कट केलेली, म्हणजे चेंडूला उलटी फिरकी दिलेली सर्व्हिस टाकली की यांचा चेंडू जाळीत. दुसरी सर्व्हिस, चेंडू छताकडे. वर्षानुवर्षं खेळून गाडी तिथंच अडलेली असते. अंगात जोर आहे, नजर आहे, हौस तर आहेच. स्पिनशी, म्हणजे चेंडूच्या फिरकीशी, कधी ओळख करून दिली गेली नाही, एवढंच. म्हणून या शिबिरात आपण पहिल्या आठवड्यातच स्पिनला हात घालणार आहोत.

यामागचं कारण टेबलाच्या मापात आहे. टेबल २.७४ मीटर लांब, १.५२५ मीटर रुंद. जाळी १५.२५ सेंटीमीटर उंच. आता समजा, चेंडू जाळीपेक्षा खाली आलाय. तो तुम्हाला वर उचलून जाळीवरून न्यायचाय आणि पलीकडच्या जेमतेम १३७ सेंटीमीटरमध्ये खाली उतरवायचाय. सरळ मारलात तर त्याला खाली आणणारं फक्त गुरुत्वाकर्षण, आणि ते आपल्या वेळेनं काम करतं. म्हणजे एक तर हळू मारा, नाही तर चेंडू बाहेर घालवा. तिसरा रस्ता टॉपस्पिनचा. चेंडू पुढच्या दिशेला गरगरत गेला की हवा त्याला खाली दाबते. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. जाळीवरून चांगला हातभर वरून गेलेला चेंडू पलीकडे गेल्यावर झपकन खाली वाकतो आणि टेबलावर पडल्यावर पुढं उसळी घेतो. जोरात मारायची परवानगी तुम्हाला स्पिन देतो. चेंडू अवघा २.७ ग्रॅम वजनाचा आणि ४० मिलिमीटर व्यासाचा, त्यामुळे हवेचा परिणाम त्याच्यावर लगेच दिसतो. हॉलमधले पंखे खेळताना आपण बंद ठेवतो ते याचसाठी. मे महिन्यात सांगलीत हे जड जातं, पण इलाज नाही.

बॅकस्पिन, ज्याला आपण कट म्हणतो, त्याची चाल उलटी. तो हवेत तरंगतो आणि तुमच्या बॅटला लागला की खाली, थेट जाळीत जातो. टॉपस्पिन बॅटला लागला की वर उडतो. म्हणून टॉपस्पिन आला की बॅट क्लोज करायची, म्हणजे तिचं तोंड थोडं टेबलाकडे झुकवायचं. कट आला की बॅट ओपन, तोंड थोडं छताकडे. साइडस्पिनला चेंडू बाजूला पळतो. तिथं सर्व्हिस करणाऱ्याची बॅट ज्या बाजूकडून सुरू झाली, त्या बाजूला निशाणा धरा, चेंडू टेबलात राहील. हे तीन नियम आज ऐकून विसरलात तरी चालेल. चेंडू दोनशे वेळा जाळीत गेला की हाताला ते आपोआप कळायला लागतात.

आता उद्याचा पहिला व्यायाम सांगते. त्याला टेबल लागत नाही, घरच्या फरशीवर होतो. बॅट आडवी धरा, तोंड छताकडे. चेंडू हातातून वर टाका आणि खाली येताना भाकरीखाली उलथनं सरकवतो तशी बॅट चेंडूच्या खालून पुढं सरकवा. चेंडूला ठोकायचं नाही, घासायचं. टक् असा आवाज आला तर ठोकलात. जवळजवळ आवाजच आला नाही तर घासलात. नीट घासलेला चेंडू पुढं जाऊन फरशीवर पडतो, क्षणभर थबकतो आणि तुमच्याकडे परत येतो. पहिल्यांदा परत आला की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मग हेच टेबलावर करायचं. सर्व्हिस पलीकडे पडून पुन्हा जाळीकडे सरकली पाहिजे. मॅचमध्ये अशी सर्व्हिस फार उपयोगाची नाही, जरा उंच आणि संथ असते. पण जो मुलगा ती करू शकतो त्याला घासणं म्हणजे काय ते समजलं, एवढं मी डोळे झाकून सांगते.

पकडीबद्दल थोडक्यात. बॅटशी हस्तांदोलन करा, म्हणजेच शेकहँड ग्रिप. तर्जनी बॅकहँडच्या रबराच्या खालच्या कडेनं, अंगठा दुसऱ्या बाजूला, बाकीची तीन बोटं मुठीवर. आवळू नका. मूठ आवळली की मनगट लाकूड होतं आणि घासणं बंद पडतं. पाय खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे वाकलेले, टाचा नुसत्या टेकलेल्या, भार चवड्यांवर. उजव्या हातानं खेळणाऱ्यानं उजवा पाय किंचित मागं घ्यायचा आणि टेबलाच्या मधोमध नाही, जरा डाव्या अंगाला उभं राहायचं, कारण फोरहँडची पोच जास्त असते.

सुरुवातीचे फटके चार: फोरहँड ड्राइव्ह, बॅकहँड ड्राइव्ह, पुश आणि ब्लॉक. फोरहँडमध्ये हात कमरेपासून निघतो आणि कपाळासमोर थांबतो. खांद्यानं ढकलायचं नाही, कंबर वळवायची. बॅकहँड पोटासमोरून, कोपर पुढं. पुश म्हणजे कटला कटनं उत्तर. ब्लॉक म्हणजे समोरच्याचाच वेग त्याला परत देणं. हे चारही आधी एकाच रेषेत, कोपऱ्यातून कोपऱ्यात, समोरच्याला चुकायला लावायचं नाही अशा बेतानं खेळायचे. रॅली मोडू न देणं हेच पहिल्या महिन्याचं यश. ‘माझा मुलगा कधी जिंकायला लागेल’ असं पालक विचारतात. त्याऐवजी घरी त्याला विचारा, आज सलग किती झाले?

यानंतरची पायरी खरी. कट आलेला चेंडू टॉपस्पिननं उचलायचा, त्याला लूप म्हणतात. इथं बहुतेक मुलं हातानं उचलायला जातात आणि खांदा दुखवून घेतात. लूप पायातून निघतो. उजवा गुडघा वाकवा, बॅट गुडघ्याच्या उंचीपर्यंत खाली जाऊ द्या, चेंडू टेबलावर पडून वर येऊन खाली यायला लागला की पाय सरळ करत, कंबर फिरवत, चेंडूचा मागचा भाग खालून वर घासत जा. ज्याचा लूप बसला तो कटला घाबरत नाही, आणि त्या दिवसापासून त्याचा खेळ पूर्ण बदलतो. यासाठी मी मल्टिबॉल घेते. टोपलीतून एकामागोमाग एक कट केलेले चेंडू देते आणि मुलाला फक्त उचलायला लावते. दमछाक होते, पण दुसरा उपाय मला माहीत नाही.

सर्व्हिसबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण हा एकच फटका असा आहे की त्यात समोरच्याचा काही हात नसतो. नियम आधी. चेंडू उघड्या, सपाट तळहातावर स्थिर. तो टेबलाच्या पातळीच्या वर आणि शेवटच्या रेषेच्या मागं. जवळजवळ सरळ वर, निदान १६ सेंटीमीटर उडवायचा आणि खाली येताना मारायचा. आणि तो समोरच्याला दिसलाच पाहिजे. पूर्वी मोकळ्या हाताआड चेंडू लपवून सर्व्हिस करत, २००२ पासून ते बंद झालं. आपल्या गावातल्या स्पर्धांमध्ये मुठीतूनच चेंडू मारलेला चालवून घेतात. मला हे मुळीच पटत नाही. तालुक्याला जिंकलेलं मूल राज्य स्पर्धेत पंचांनी सर्व्हिस फॉल्ट दिली की गोंधळून रडकुंडीला येतं, यात त्याचा काय दोष?

आता कसब. बॅटच्या टोकाजवळ चेंडू घासलात तर स्पिन जास्त, कारण टोकाचा वेग जास्त असतो. मुठीजवळ लागला तर स्पिन कमी. हात तोच, लय तीच, फक्त चेंडू लागण्याची जागा बदलली, की समोरच्याला भरपूर कट वाटतो आणि येतो नुसता कोरा, स्पिन नसलेला चेंडू. तो बॅट ओपन करतो, चेंडू उंच उठतो आणि तुम्हाला मारायला मिळतो. लांब सर्व्हिस हवी तर पहिला टप्पा आपल्या शेवटच्या रेषेजवळ टाका. आखूड हवी तर टप्पा जाळीच्या बाजूला घ्या, म्हणजे सोडून दिला तर पलीकडच्या टेबलावर त्याचे दोन टप्पे पडतील. आणि सर्व्हिस करताना तिसऱ्या चेंडूचा विचार आधीच झालेला असावा: मी कट आखूड टाकला, तो बहुधा पुश करेल, मग मी लूप मारणार. गेम ११ गुणांचा असतो आणि दर दोन गुणांनी सर्व्हिस बदलते. २००१ च्या आधी गेम २१ चा होता, तेव्हा सावरायला सवड मिळायची. आता दोन सर्व्हिस वाया घालवणं परवडत नाही.

सर्व्हिस घेताना नजर समोरच्याच्या हाताच्या हालचालीवर नको. चेंडू लागतो त्या क्षणी बॅट वर चालली होती की खाली, एवढंच टिपा. मग चेंडूवर छापलेल्या कंपनीच्या छापाकडे बघा. छाप वाचता आला तर स्पिन नाही. नुसता धूसर पट्टा दिसला तर भरपूर आहे. सुरुवातीला हे अशक्य वाटतं, पण महिना-दोन महिन्यांत डोळा तयार होतो.

पालकांचा नेहमीचा प्रश्न बॅटचा. सुरुवातीला पाच थरांचं साधं ऑलराउंड लाकूड आणि दोन्ही बाजूंना गुळगुळीत, पकड असलेलं रबर घ्या. कार्बनची वेगवान बॅट दिली तर मूल घासायला शिकतच नाही, चेंडू आधीच निघून जातो. खेळून झालं की ओल्या स्पंजनं रबर पुसा आणि त्यावर प्लास्टिकचा कागद लावा. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या दमट हवेत रबर ओलसर होतं आणि चेंडू घसरतो, तेव्हा मधूनमधून हात आणि बॅट कोरडी करायची सवय लावा.

बॅटनं हा खेळ किती बदलतो, याचा दाखला आपल्याच राज्यातला आहे. १९५२ साली मुंबईत जागतिक स्पर्धा झाली, आशियात पहिल्यांदाच. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरीत विजेता झाला. तोवर खेळाडू चेंडूच्या आवाजावरून फटक्याचा अंदाज घेत. स्पंजनं तो आवाजच काढून घेतला. आजचा सगळा स्पिन स्पंज आणि त्यावरच्या रबराच्या जोडीवर उभा आहे. आपल्या मुलीही यात मागं नाहीत. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण मिळवणारी मनिका बत्रा बॅकहँडला लांब दाण्यांचं रबर वापरते. २०२४ मध्ये बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत ऐहिका मुखर्जीनं जगातली पहिल्या क्रमांकाची सुन यिंगशा हरवली, तिच्याही बॅकहँडला स्पिन मारून टाकणारं रबर होतं. त्या लढतीत भारत २-३ असा हरला, तरी ऐहिकाचा तो सामना मुलांना जरूर दाखवा. मात्र ही रबरं आत्ता मागू नका. समोरच्याचा स्पिन ज्याला वाचता येतो त्याच्याच हातात ती चालतात.

शेवटी एका काकांनी आत येताना विचारलं त्याबद्दल. पन्नाशी उलटली, आता शिकता येईल का? येईल. पाय पूर्वीसारखे पळणार नाहीत, म्हणून तुमचा अभ्यासक्रम वेगळा: सर्व्हिस, पुश, ब्लॉक आणि जागा शोधणं. समोरच्याच्या उजव्या कोपराकडे, अगदी अंगावर चेंडू द्या. फोरहँड की बॅकहँड, हे ठरवण्यात त्याचा वेळ जातो. तरण्याताठ्या पोरांनाही तिथला चेंडू अवघड जातो. सर्व्हिसला तर जोडीदारही लागत नाही. कोपऱ्यातलं टेबल सकाळी सातपर्यंत मोकळं असतं, डबाभर चेंडू मी ठेवून देईन. पलीकडे एक वही ठेवा आणि तिच्यावर टप्पा पाडायचा प्रयत्न करा, आधी कट, मग तोच हात ठेवून कोरा.