गर असलेला विचार

नमस्कार, श्रोतेहो. हवाई बेटांवरचा 'आलोहा' आपल्या कानावरून कधीतरी गेलेला असतो. आज त्याच भाषेतला श्रद्धेसाठीचा शब्द ऐकवते: मनाओइओ. 'मनाओ' म्हणजे मनातला विचार. 'इओ' म्हणजे मांस, गर, आणि त्यावरूनच खरं, अस्सल. आत गर भरलेला विचार, ती श्रद्धा! मला हा शब्द फार जवळचा वाटतो.

तो उच्चारताना तीनदा गळा मिटतो. मना, ओ, इ, ओ. लहान मूल 'अं-अं' करत नको म्हणतं ना, तेव्हा मधे श्वास अडतो, तोच हा अडथळा. हवाईत ते चक्क एक व्यंजन आहे. 'मोआ' म्हणजे कोंबडी. 'मो' म्हणून गळा क्षणभर मिटला आणि मग 'आ' म्हटलं, की झालं 'शिजलेलं'.

१८१३ साली ज्या अमेरिकन मिशनचे लोक मुंबईत आले, त्याच संस्थेचे लोक १८२० मध्ये हवाईला पोचले. त्यांनी ही भाषा रोमन अक्षरांत बसवली आणि १८३९ पर्यंत सगळं बायबल तिच्यात आणलं.

विश्वासाला तिथे आणखी एक शब्द आहे, 'हिलिनाइ'. त्याचा अर्थ रेलणंही होतो. आपण नाही का म्हणत, 'तुझ्यावर विसंबून आहे'? कुटुंबाला म्हणतात 'ओहाना'. तो आला अळवाच्या कंदाला फुटणाऱ्या पिल्लांवरून. अळू हे त्यांचं मुख्य अन्न. आपल्या परसातलंच झाड, पण तिथे त्याच्यावरून घराचं नाव पडलं.

आणि १८९६ च्या कायद्याने शाळांत इंग्रजी सक्तीची झाली. पुढच्या पिढ्यांत घरातली भाषा मुलांपर्यंत पोचेनाशी झाली. छोट्या निहाऊ बेटावर तेवढी ती मुलांच्या तोंडी राहिली. १९७८ मध्ये तिला राजभाषेचा मान मिळाला, तरी शाळेतलं बंधन उठायला १९८६ उजाडलं. पण काही जण त्यासाठी थांबलेच नाहीत. १९८४ मध्येच त्यांनी बालवाडी काढली, 'पूनाना लेओ', म्हणजे आवाजाचं घरटं. तिथे दिवसभर बोलायचं ते फक्त हवाईयनमध्ये.

त्या भाषेत 'माझी भिस्त तुझ्यावर आहे' असं म्हणायचं, तर हे वाक्य. माझ्याबरोबर एकदा म्हणून पाहा, गळा मिटायला विसरू नका: के हिलिनाइ नेइ आउ इया ओए.