गुळाच्या पाकिटावर साखर लिहिलीये!

हे बघा, आत्ताच किराणावाल्याकडून आणलंय, एक किलो गूळ, वर इंग्लिशमध्ये मोठ्ठं लिहिलंय जॅगरी. आणि ही साखर, हिच्यावर शुगर. आता गंमत अशी की दोन्ही पाकिटांवर एकच शब्द आहे, आणि तो आपल्याकडचाच.

संस्कृतमध्ये शर्करा. पण शर्करा म्हणजे मुळात गोड काही नाहीच, बारीक खडे, रेव! मुतखड्याच्या बारीक कणांना पण सुश्रुतसंहितेत शर्कराच म्हटलंय (चहा पिताना आठवू नका प्लीज). उसाचा रस आटवून जे दाणे पडले ते रेवेसारखे दिसले, म्हणून त्यांनाही तेच नाव.

मग फारसीत त्याचं झालं शकर, अरबीत सुक्कर, अरबांनी ऊस पार सिसिली-स्पेनपर्यंत नेला आणि त्याच्या मागोमाग शब्दही गेला, इटलीत झुक्केरो, फ्रान्समध्ये स्यूक्र, तिथून इंग्लंडात शुगर.

आणि जॅगरी? ती समुद्रमार्गे गेली. 1498 ला पोर्तुगीज कालिकतला उतरले, तिकडे मल्याळममध्ये गुळालाच शर्करा म्हणतात, त्याचं पोर्तुगीजांनी केलं जागरा, आणि इंग्रजांनी ते त्यांच्याकडून उचललं. म्हणजे एकच मुलगी दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी त्याच सासरी पोचली आणि घरच्यांना पत्ताच नाही!

थांबा, तिसरी पण आहे. सॅकरिन, साखरेऐवजी वापरतात तो कृत्रिम गोड पदार्थ. पालीत शर्कराचं झालं सक्खरा, ग्रीकमध्ये साखारोन. पहिल्या शतकात रोममधला लेखक प्लिनी लिहितो की साखर भारतातली जास्त चांगली, पण वापर फक्त औषधाला. पुढे 1879 मध्ये बाल्टिमोरच्या लॅबमध्ये फालबर्ग नावाचा केमिस्ट हात न धुता जेवायला बसला, ब्रेड गोड लागला, आणि हाताला लागलेल्या त्या लॅबमधल्या नव्या पदार्थाला नाव मिळालं ते या जुन्या शब्दावरून. आता सक्खरा, साखारोन आणि आपली साखर एकापाठोपाठ म्हणून बघा, तो ख ऐकू येतोय ना? हिंदीतल्या शक्करमध्ये तो नाहीये.

आता तुम्ही म्हणाल, शुगरमधला श तरी थेट शर्करातला असेल. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटायचं. पण नाही, अरबीत आणि फ्रेंचमध्ये तिथे स आहे, इंग्लिशमध्येही आधी स होता, पुढे 'स्यू' म्हणता म्हणता त्याचा 'शु' झाला, शुअर शब्दाचं झालं अगदी तसंच. म्हणून तर स्पेलिंगमध्ये अजून एस एकटाच बसलाय, शेजारी एच नाही.