नमस्काराला उत्तर काय आलं?

[दृश्य: एसटी स्टँड, सकाळची गर्दी. माणसं भेटताहेत, हात उंचावताहेत.]

कोल्हापुरात दोघं भेटतात. ‘काय भावा!’ ‘बोल की भावा.’ तिकडं विदर्भात, ‘काय म्हणता भाऊ?’ ‘बस, चालू आहे जी.’ पंढरीच्या वाटेवर एक जण वाकून म्हणतो, ‘रामकृष्ण हरी माउली,’ आणि समोरचाही तितकाच वाकून तेच म्हणतो. कामाचं बोलणं अजून सुरूही झालेलं नसतं; पण कोण कुणाला कुठं बसवतोय, ते या दोन शब्दांत ठरून गेलेलं असतं.

चांगलं बोलणारा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं सभा गाजवणारा वक्ता येतो, नाहीतर गप्पांचा फड जमवणारा एखादा रंगेल माणूस. आम्ही मात्र या फिल्ममध्ये एकच गोष्ट बघत गेलो. तुम्ही ज्या शब्दांनी समोरच्याला हाक मारता, त्याच शब्दांनी त्याला तुम्हाला हाक मारता येते का?

[दृश्य: मुंबईचा जुना नकाशा. कोटाचा भाग.]

मुंबई, ९ ऑगस्ट १७७९. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारचा सचिव शहरातल्या सोनारांच्या प्रमुखाला एक पत्र धाडतो. हुकूम असा, की सोनार जातीनं यापुढं अभिवादन करताना ‘नमस्कार’ म्हणायचं नाही. हे साऱ्या जातीला कळवायचं आणि कसोशीनं पाळलं जाईल असं बघायचं. सोनार स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवत होते, आणि पेशवाईतल्या ब्राह्मणांना ते मान्य नव्हतं. भांडण दर्जाचं होतं, आणि ते येऊन ठेपलं एका नमस्कारावर. सरकारला त्यासाठी ठराव करावा लागला, यावरूनच त्या शब्दाचं वजन कळतं.

गावगाड्यात तर ठरावाचीही गरज नव्हती. महारानं वरच्या जातीच्या माणसाला ‘जोहार’ घालायचा, हे जन्मापासून ठरलेलं. चौदाव्या शतकातल्या चोखोबांनी अभंगात विठ्ठलालाही जोहारच घातला आहे. पण माणसांच्या जगात जोहाराला उत्तर म्हणून जोहार येत नसे. ‘हं’ आलं तर आलं, नाहीतर ‘काय रे?’ नावाचंही तेच. सखारामाचा ‘सख्या’ व्हायचा, तुकारामाचा ‘तुक्या’, आणि केस पिकले तरी पाटलाच्या शाळकरी पोरासाठी तो ‘सख्या’च राहायचा. त्याच काळात वरच्या घरांतल्या पत्रांचे मायने मात्र भरगच्च असत. वेदशास्त्रसंपन्न, राजमान्य राजश्री. त्यातलं ‘रा. रा.’ तर विसाव्या शतकातल्या पाकिटांवरही लिहिलं जायचं.

[दृश्य: चुलीपुढं बसलेली म्हातारी. बाजूला नातू.]

इथं एक घोटाळा होतो, तो दूर करायला हवा. ‘तू’ म्हटलं म्हणजे अपमान झाला, असं शहरी पांढरपेशा घरात मानतात. खेड्यातली कितीतरी घरं वडिलांना ‘तू’ म्हणतात, आजोबांनाही म्हणतात, आणि त्यात मायेशिवाय दुसरं काही नसतं. आईला तर आपण सगळेच ‘तू’ म्हणतो. विठोबालाही. तेव्हा ‘तू’चा दोष नाही. एकाच बाजूनं जाणारा आणि कधीच परत न येणारा ‘तू’ लागतो.

आपण हे सगळे जाणतो. तू की तुम्ही ते ठरत नसलं की मराठी माणूस किती सफाईनं वाट काढतो, ते ऐका. ‘कधी येणं झालं?’ ‘जेवण झालं का?’ ‘मग, आता काय करायचं?’ वाक्यातून माणूसच काढून टाकला की मान द्यायचाही प्रश्न नाही आणि घ्यायचाही नाही. ही सोय सरसकट सगळ्यांसाठी वापरली जात नाही, हे मात्र खरं. ज्याच्या मानाची आपल्याला धास्ती असते, त्याच्यापुढंच ती सुचते.

[दृश्य: कोल्हापूर, भाऊसिंगजी रोड. चहाची टपरी, उकळता चहा.]

कोल्हापुरात याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं. नाव ‘सत्यसुधारक’. संस्थानच्या चाकरीत असताना पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून मार खाल्लेला हा माणूस. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? आले ते शाहू महाराज. गाडी हॉटेलापुढं थांबवायची, चहा मागवायचा, आणि राजानंच घेतल्यावर बरोबरच्या बड्या मंडळींना नको म्हणायची सोय उरायची नाही. समतेवर भाषणं पुष्कळ झाली असतील. पण चहा मागायचा तर मालकाला हाक मारावी लागते, थांबावं लागतं, दोन शब्द बोलावे लागतात. मला या प्रसंगातलं तेच फार मोठं वाटतं.

[दृश्य: नागपूरजवळचं कामठी. विड्या वळणारे हात.]

आणि मग कामठी. बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे, जन्म १९०४. विडी कामगारांची संघटना बांधणारे, १९३७ च्या निवडणुकीत मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेलेले, आणि १९३९ मध्ये, पस्तिशीतच गेलेले. ‘जय भीम’ हे अभिवादन रुजवलं ते त्यांनी. त्यामागची हकिगत अशी सांगतात, की मुसलमान शेजाऱ्यांचं ‘सलाम आलेकुम’ आणि त्याला येणारं ‘वालेकुम सलाम’ त्यांच्या कानावर होतं. आपलंही असंच हवं, असं त्यांना वाटलं. एकानं म्हणायचं ‘जय भीम’, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं ‘बल भीम’. पुढं ‘बल भीम’ मागं पडलं आणि दोन्ही बाजूंनी ‘जय भीम’च राहिलं.

विचार करा. ज्यांच्या वाडवडिलांच्या जोहाराला पिढ्यान्‌पिढ्या उत्तर मिळालं नाही, त्यांनी स्वतःचा शब्द घडवला तेव्हा उत्तराची सोय आधी केली.

[दृश्य: कॉलेजचं आवार. मुलं-मुली कट्ट्यावर.]

आता आजचं. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारा मुलगा शहरात शिकायला येतो. पहिल्या आठवड्यात कुणीतरी हसतं. तो ‘ण’ नीट म्हणायला शिकतो, तो काही अवघड नाही. पण त्याआधी तो वर्गात बोलायचं थांबवतो, आणि ते नुकसान कुठल्या मार्कांत दिसत नाही. खानदेशात ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतात. बहिणाबाई चौधरींची गाणी याच बोलीत आहेत. १९५१ मध्ये त्या गेल्या, आणि पुढच्याच वर्षी ती पुस्तकरूपानं आली, तेव्हा सारा महाराष्ट्र हरखून गेला. आजही आपण त्या कविता शाळेत पाठ करतो. आणि त्याच मुलखातली मुलगी मुलाखतीत ‘डोया’ म्हणाली, तर समोरचा भुवई उंचावतो. कवितेला दिलेला मान माणसाला द्यायला आपल्याला काय जड जातं?

[दृश्य: सरकारी कचेरी. खिडकी, रांग.]

खिडकीशी धोतरातले आजोबा. ‘साहेब, जरा बघता का?’ आतून मान वर न करता आवाज येतो, ‘तिकडं जा, तीन नंबरला.’ त्यांच्या मागं इस्त्रीचा शर्ट. ‘एक्सक्यूज मी.’ ‘हां सर, बोला ना.’ खिडकी तीच, कामही तेच. आजोबांनी ‘साहेब’ दिलं होतं, त्यांना परत काहीच मिळालं नाही.

आणि आपल्याच घरात? धुणंभांडी करायला येणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या बाई घरातल्या शाळकरी मुलाला ‘दादा’ म्हणतात. तो त्यांना नुसत्या नावानं हाक मारतो आणि ‘तू इथली फरशी पुसली नाहीस’ म्हणतो. हे त्याला कुणी मुद्दाम शिकवलेलं नसतं. तो ऐकून शिकतो. घरात ‘मावशी, तुम्ही’ ऐकलेली मुलं तसंच बोलतात, हेही आम्ही चित्रीकरण करताना ऐकलं, आणि त्या घरांत मावशी मुलाला हक्कानं ‘ए, चप्पल बाहेर काढ’ म्हणतानाही ऐकलं.

[दृश्य: फोन वाजतो. काळा पडदा, फक्त आवाज.]

‘जय भीम.’

फोनवर हे ऐकू आलं की उत्तराला एक क्षण मिळतो. कुणी ‘जय भीम’ म्हणतं. कुणी ‘नमस्कार, बोला’ म्हणतं, तेही मनापासून. आणि कुणी नुसतंच ‘हं, काय काम होतं?’ असं विचारतं. पलीकडचा माणूस त्यावर काही बोलत नाही, सरळ काम सांगायला लागतो. यातलं कोणतं उत्तर आलं, ते त्यानं ऐकलेलं असतं.