गोळी घेता का?

नमस्कार, श्रोतेहो.

योगशिक्षक व्हायचे म्हणून प्रशिक्षणाला येणाऱ्या बहुतेकांना आसने बऱ्यापैकी येत असतात, आणि नेमके तेच पहिल्या सराव पाठाला आडवे येते. माझेही तसेच झाले. पाठ टाचण चोख होते. शयनस्थिती म्हणजे पाठीवर, विपरीत शयनस्थिती म्हणजे पोटावर, मग बैठकस्थिती आणि दंडस्थिती म्हणजे उभ्याने असा आसनांचा क्रमही नीट लावला होता. पण वर्गाकडे तोंड करून 'उजवा हात वर' म्हणताना मी आपलाही उजवाच हात उचलला आणि निम्म्या मंडळींनी माझ्याकडे पाहून डावा वर केला. शिक्षकाने तोंडाने 'उजवा' म्हणत स्वतःचा डावा उचलायचा असतो. ऐकायला सोपे असले, तरी हे अंगवळणी पडायला मला दोन आठवडे लागले.

महाराष्ट्राला योगशिक्षणाची परंपरा जुनी आहे. योगेंद्रजींची मुंबईतील संस्था १९१८ची, तर स्वामी कुवलयानंदांचे लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४चे; आणि १९३७ साली पुण्यात शिकवायला आले तेव्हा बी. के. एस. अय्यंगार अवघे १८ वर्षांचे होते. आज २०० तासांचे अभ्यासक्रम गल्लोगल्ली निघाले आहेत. त्यांतल्या अनेकांत आसने, प्राणायाम, पतंजली आणि शरीररचना उरकून शिकवण्याचा सराव शेवटच्या आठवड्यात कोंबला जातो, हे मला मुळीच पटत नाही, कारण दुसऱ्याचे शरीर पाहायला शिकणे हेच सर्वांत वेळखाऊ काम आहे. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, एखाद्याचे हात पायांच्या अंगठ्यांना पोहोचलेले दिसतात आणि नवा शिक्षक समाधानाने पुढे सरकतो. पण पाठीला पोक आलेला असतो, जबडा आवळलेला असतो आणि श्वास केव्हाचाच कोंडलेला असतो. पतंजलींनी आसन स्थिर आणि सुखकर असावे असे म्हटले आहे; त्यातले सुख चेहऱ्यावर शोधावे लागते.

विचारपूस करणेही शिकावे लागते. रक्तदाब वाढलेल्यांना सर्वांगासन, म्हणजे खांद्यांवर भार घेऊन पाय वर उचलण्याचे आसन, देत नाहीत, हे प्रत्येक प्रशिक्षणार्थीला पाठ असते. एकदा साठीच्या एका गृहस्थांना मी विचारले, "काका, रक्तदाबाचा त्रास आहे का?" ते ठामपणे "नाही" म्हणाले. ते पाय वर उचलू लागले, तोच मागे बसलेल्या आमच्या मार्गदर्शक बाईंनी विचारले, "गोळी घेता का?"

"हो, रोज सकाळी. म्हणूनच तर आता त्रास नाही."

बाईंनी त्यांना पाय भिंतीला टेकवून स्वस्थ पडायला सांगितले आणि माझ्या टाचणावर लाल शाईने तो प्रश्न लिहून दिला.