लाल बटणाच्या आधी

सुरुवातीलाच हात वर करायला लावतो. गाणं रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डच्या लाल बटणाजवळ कुठेतरी मोडचा एक छोटा मेनू असतो: ओव्हरडब म्हणजे जुन्यावर नवं जोडायचं, रिप्लेस म्हणजे जुनं पुसून नवं लिहायचं. तो मुद्दाम उघडून पाहिलेले किती जण आहेत? सहा. त्यातले दोघे माझेच विद्यार्थी, म्हणजे चार. बरं.

माझा हट्ट साधा आहे. मोड आधी ठरवा, बटण मग दाबा. कारण गाणारा किती बिनधास्त गाईल, ते मोडवर ठरतं. हे मी आज सिद्ध करणार आहे, असं पत्रिकेत तरी छापलंय.

त्याआधी माझी फजिती. एका रात्री मिडी कीबोर्ड घेऊन बसलो होतो, म्हणजे आवाज नाही तर कोणता सूर कधी दाबला एवढंच सॉफ्टवेअरला कळवणारा. आठ बारांचा, म्हणजे मात्रांच्या आठ गटांचा, लूप फिरत होता, तोच तुकडा पुन्हा पुन्हा. मोड रिप्लेस. तो मीच आदल्या दिवशी ड्रमची एक ओळ बदलायला लावला होता आणि तसाच ठेवला होता. पहिल्या फेरीत बोटांतून अशी काही सुरावट निघाली की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले, म्हटलं आता ऐकू. तर दुसऱ्या फेरीत शुकशुकाट. वाटलं, हेडफोनची वायर सैल झाली. वायर हलवतोय, आवाज वाढवतोय, आणि पडद्यावरची रेघ आपली पुढे सरकतेय. मी काहीच वाजवत नव्हतो, आणि ते ‘काहीच नाही’ माझ्या सुरावटीवर इमानेइतबारे चढवलं जात होतं.

अनडू, असं मागून कोणीतरी पुटपुटलं. ऐकलं मी. तुम्ही तेव्हा शेजारी असायला हवं होतात. मी काय केलं, तर वायरीचा नाहीतर सॉफ्टवेअरचा दोष समजून प्रोजेक्ट सेव्ह केला, सॉफ्टवेअर बंद केलं आणि पुन्हा उघडलं. बंद केलं की अनडूची यादी बहुतेक ठिकाणी पुसली जाते. माझीही गेली.

गळ्याचं रेकॉर्डिंग असतं तर वाचलो असतो. ऑडिओची प्रत्येक फेरी सहसा डिस्कवर वेगळी फाइल म्हणून उतरते. पडद्यावरचा तुकडा त्या फाइलकडे नुसतं बोट दाखवतो. तुकडा उडाला तरी फाइल फोल्डरमध्ये पडून असते. मिडीचे सूर मात्र प्रोजेक्टच्या पोटात राहतात. तिथून पुसले की गेले.

आणि आपण तरी कशाला रडायचं? गिटारवादक लेस पॉल टेपवर एकट्याने थरावर थर चढवत असे. मशीनला टेप वाचणारं एक जादा हेड लावलेलं. जुना आवाज वाचायचा, त्यात नवा मिसळायचा, त्याच टेपवर लिहायचा, आणि जुना त्यातच पुसला जायचा. दहाव्या थराला बोट घसरलं की पुन्हा पहिल्यापासून. १९५७ साली त्याच्याकडे आठ ट्रॅकचं, म्हणजे आठ थर वेगवेगळे ठेवणारं मशीन आलं, तेव्हा त्याला केवढं हायसं वाटलं असेल! मला तर हा माणूस... हो, चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं? चालेल. म्हणजे चालवावं लागेल.

तर भराभर. मिडीला ओव्हरडब लावून ठेवा. रिप्लेस कामापुरता, आणि काम झालं की परत फिरवा.

लूपमध्ये प्रत्येक फेरीचा वेगळा टेक साठवणारा मोड असतो. नंतर बरे तुकडे जोडून एक करायचे, ते कॉम्पिंग. पण हिशेब करा. १२० च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा धरून, चार मात्रांचे आठ बार १६ सेकंदांत संपतात. गायिकेला पाणी प्यायलाही उसंत नाही. शेवटी दोन-चार रिकामे बार जोडा. मी तीन-चार फेऱ्यांनंतर थांबवतो. वीस टेक घेणाऱ्याला नंतर वीस टेक ऐकावेही लागतात.

पंच-इन, म्हणजे गाण्याच्या मधलाच एक तुकडा नव्याने रेकॉर्ड करणं. दोन बारांचा प्री-रोल द्या, म्हणजे त्या तुकड्याच्या आधीपासून गाणं ऐकवा, आणि गायिकेला आधीच्या ओळीपासूनच गाऊ द्या. पंच श्वासाच्या आधी ठेवा. नाहीतर श्वास जुन्या टेकचा, शब्द नव्याचा. कान ते लगेच पकडतो. प्रो टूल्स या सॉफ्टवेअरच्या क्विकपंचसारख्या मोडमध्ये प्लेबॅक सुरू होताच मागे गुपचूप रेकॉर्डिंग चालू होतं, त्यामुळे कडा नंतर सरकवता येतात. टेपवर हे सगळं इंजिनिअरच्या बोटावर असायचं.

शेवटचं. लाल दिवा दिसला की घाम फुटणाऱ्यांसाठी क्युबेस या सॉफ्टवेअरमध्ये रेट्रोस्पेक्टिव्ह रेकॉर्ड आहे, एबल्टन लाइव्हमध्ये कॅप्चर मिडी. बटण न दाबता वाजवलेलंही नंतर मागून घेता येतं. माझ्या विद्यार्थ्यांचे उत्तम टेक असेच मिळालेत, ‘आधी जरा हात साफ करून घे’ असं सांगून.

एक प्रश्न घेतो. हां, मागचे तुम्ही. नाही हो, हेडफोन ठणठणीत होता.