झरीना यांची रेषा

श्रोतेहो, नमस्कार.

हाताशी एखादा जाड, कोरा कागद असेल, तर त्याला सुईने एक भोक पाडा, त्याच्या शेजारी दुसरे, मग तिसरे. शाई नाही, रंग नाही, तरी कागदाच्या मागच्या बाजूला बोटाला लागेल असा बारीक उंचवटा उठतो आणि तिरप्या उजेडात त्याची सावली पडते. १९७७ च्या सुमारास झरीना हाश्मी यांनी अशी केवळ सुईने टोचलेली चित्रे केली. कागदावर काम करणारे चित्रकार पुष्कळ आहेत. झरीना कागदावर नव्हे, कागदाचेच काम करीत. त्याचा लगदा साच्यात ओतून त्यांनी शिल्पेही घडवली. कागद त्यांना माणसाच्या त्वचेसारखा वाटे, कारण तो ओरखडतो आणि म्हाताराही होतो.

त्यांचा जन्म १९३७ चा, अलिगढचा. वडील तिथल्याच विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते. झरीना यांनी पदवी मात्र गणिताची घेतली, आणि त्यांच्या चित्रांतला काटेकोरपणा पाहिला की याचे फारसे नवल वाटत नाही. पुढे पॅरिसला मुद्राचित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्याकडे त्या मुद्राचित्रण, म्हणजे कोरलेल्या ठशावरून कागदावर चित्र छापण्याची कला, शिकल्या, लाकडी ठशांच्या तंत्रासाठी जपानला गेल्या आणि अखेर न्यूयॉर्कमध्ये स्थिरावल्या. दरम्यान आईवडील पाकिस्तानात गेले होते. अलिगढचे घर असे मागे राहिले.

माझ्या मते त्यांचे सर्वांत धाडसी चित्र २००१ मधले. त्याचे नाव ‘विभाजनरेषा’ असे मराठीत सांगता येईल. हा लाकडी ठसा आहे आणि त्यात भारत-पाकिस्तान सीमेची वेडीवाकडी काळी रेषा, एवढेच आहे. रेषा हवी म्हणजे लाकडात ती कोरायची, असे आपल्याला वाटेल. पण लाकडी ठशात कोरलेला भाग कोरा राहतो आणि उरलेल्या भागाला शाई लागते. त्यामुळे रेषेच्या दोन्ही बाजूंचे लाकूड खरवडून काढावे लागले, आणि उरली ती रेषा. खरवडताना राहून गेलेल्या कंगोऱ्यांच्या खुणाही कागदावर उमटल्या आहेत. शिवाय ठसा उलटा छापला जातो, म्हणून लाकडावर पूर्व-पश्चिमेची अदलाबदल करूनच ही सीमा आखावी लागते. फाळणी झाली तेव्हा झरीना दहा वर्षांच्या होत्या. ती रेषा त्यांनी चौसष्टाव्या वर्षी स्वतःच्या हाताने काढली आणि तिच्या आजूबाजूला एकही गाव, एकही माणूस ठेवला नाही.

त्याआधी १९९९ मध्ये छत्तीस ठशांची एक मालिका त्यांनी केली होती. तिचे नाव ‘घर हा परका देश’ अशा अर्थाचे आहे. प्रत्येक ठशाखाली एक उर्दू शब्द आहे, आणि वर त्या शब्दाची मोजक्या रेषांतली आकृती. उर्दू न वाचता येणाऱ्याला अर्थ चटकन कळत नाही. पण उंबरठा पाहताक्षणी ओळखू येतो.

२००४ मधली पत्रांची मालिका मात्र थेट घरातून आली. पाकिस्तानात राहणारी बहीण राणी यांनी आईवडिलांचे जाणे, मुलांचे दूर होणे, घराचे विकले जाणे असे सारे पत्रांत लिहिले, आणि ती पत्रे टपालात टाकलीच नाहीत. पुढे ती झरीना यांच्या हाती आली. त्यांनी बहिणीचे हस्ताक्षर जसेच्या तसे ठशांवर घेतले आणि त्यावर घरांचे आराखडे नि नकाशे छापले. काही ओळी त्या आकारांखाली झाकल्या गेल्या आहेत.

झरीना २०२० मध्ये लंडनला वारल्या.